लीलाताईंच्या नावाची फाइल

या, अशा जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवांच्या शब्दांमागे पेटीचा सूर ज्यांना ऐकू येतो, त्यांच्यासाठीच ही गोष्ट आहे.

दाना ओली मोहल्ल्यातले उमाजी कीर्तन मंडळाची वेबसाइट सांभाळत. त्यांची बायको लीलाताई जन्मभर मंडळात पेटीची साथ करून मागल्या वर्षी गेली. डोळे मिटून पेटी वाजवतानाचा तिचा एकच फोटो होता. तिच्याच नावाच्या एकाच फाइलमधला तो फोटो वेबसाइटच्या पहिल्या पानावरही दिसे आणि तिच्या स्मरणाच्या पानावरही.

रामनवमीच्या तोंडावर अध्यक्ष जयसिंहरावांनी त्यांना जयेंद्रगंजातल्या ऑफिसात बोलावलं.

"उमाजी, पहिल्या पानावर अजून वहिनीच? उत्सवाला बाहेरचे लोक बघतील. तिथे माझा फोटो लावा."

"स्मरणाच्या पानावर राहू दे ना तिला?"

"राहू द्या की. तिथे कोण बघतंय?"

फाइलचं नाव बदललं की पानावर रिकामी चौकट उरते, हे उमाजी एकदा बोलणी खाऊन शिकले होते. म्हणून अध्यक्षांचा फोटो कापून, उजळून त्यांनी जुन्याच नावानं चढवला. जुनी फाइल पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. घाईत ते हो म्हणून गेले.

सकाळी पुतणी सोनिकाचा फोन आला. "काका, ये क्या कर दिया? काकूच्या पानावर अध्यक्षसाहेब आलेत. खाली लिहिलंय, रामचरणी विलीन."

उमाजींनी कॉम्प्युटर उघडून पाहिलं; जुनी फाइल पुसली गेली होती. ज्या मोबाइलवर तो फोटो काढला होता, तो केव्हाच भंगारात गेला होता.

पाठोपाठ जयसिंहरावांचा फोन. "मला जिवंतपणीच पोचवलंत? ते पानच काढा."

"साहेब, तिचा दुसरा फोटो नाही हो."

"मग पान ठेवून करायचंय काय?"

उमाजींनी पान काढलं. सोनिका शेजारी येऊन बसली होती. "काका, आता फाइलचं नाव तरी बदला. अध्यक्षांनी देखा तो?"

"नको. तेवढं असू दे."

उत्सवात जयसिंहरावांचा हसरा चेहरा घरोघरी पोचला. कुणी तो मोबाइलवर उतरवून घेतला, की खाली बारीक अक्षरांत नाव उमटे: लीलाताई. कुणी वाचलं नाही.

तुम्हीही कधी ती वेबसाइट उघडाल. चेहऱ्यापाशी थांबू नका. घटकाभर डोळे मिटा, आणि पेटीवरच्या लीलाताईंची आठवण काढा.