कोरड्या सदऱ्याचा घाम

आम्ही ज्या डोंगरावर टॉवरचा पाया घालत होतो, तिथे सूर्य इतका जवळ की टोपी अडकवायला खुंटी नको. हवा इतकी विरळ की मारलेली हाकही अर्ध्या वाटेत दम खायला बसायची. सिमेंट कालवायचं पाणी वीस लिटरच्या डब्यातून पाठीवर न्यायचं, हे आमचं काम.

माझा मेहुणा रंगारी, सपाटीवरच्या उन्हात भिंती रंगवून पोसलेला. तोही कामाला आला. बायकोनं दारातच मला बजावलं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. जसा नेताय तसा आणून द्या, नाहीतर तुम्हीही येऊ नका."

आमच्या टोळीची रीत होती. दर वळणावर थांबायचं, मनगट चाटायचं. खारट लागलं की तहान असो नसो, पाणी प्यायचं. कारण तिथे घाम दिसायच्या आत वाळतो. माझ्या सदऱ्यावर एवढं मीठ जमायचं की दुपारची उकडलेली अंडी मी बाहीला घासून खायचो. खोटं वाटत असेल तर अंड्यांना विचारा.

मेहुण्याला काही पटेना. "अहो दाजी, अंग बैल चाटतात. खाली माझा सदरा पिळला की बादली भरते. इथे बघा, कोरडा ठणठणीत! घामच नाही तर पाणी कशाला?" आणि पठ्ठ्यानं आपली प्यायच्या पाण्याची बाटली डब्यात ओतून टाकली. डबा काठोकाठ भरला म्हणून खूश.

चौथ्या वळणापर्यंत मला कासव म्हणत होता. सहाव्याला गप्प झाला. सातव्याला मागे वळून म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखा देखणा माणूस मी पाहिला नाही. ताईचं नशीब थोर."

बारा वर्षांत ह्या माणसानं माझ्याबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. मी पाठीवरचा डबा खाली ठेवला. हात लावून पाहिला, तर अंग तव्यासारखं, काळीज धडधडतंय, पाय लटपटतायत.

त्याला खडकाच्या सावलीत आडवा केला, टराटरा सदरा फाडला आणि दोन्ही डब्यांतलं पाणी त्याच्यावर ओतलं.

वरून मुकादम गरजला, "अरे, पाया काय थुंकीनं कालवू?"

"कालवा!" मी ओरडलो आणि टोपीनं वारा घालत राहिलो.

मुकादम तणतणत खाली आला. मेहुण्याला पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूला बसून आपली टोपी हलवू लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या हिशेबानं दोन वर्षं. मग मेहुण्यानं डोळे उघडले.

"दाजी, सदरा फाडलात?"

"फाडला."

"बरं झालं. तुमचाच होता."

मी त्याच्या कपाळाचा मुका घेतला. त्यानं तो पुसून टाकला. मग माझ्या बाटलीतलं घोट घोट पाणी पाजून, मी आणि मुकादमानं त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत उतरवलं. वाटभर तो ओरडत होता, "हळू, हळू! मी काय सिमेंटचं पोतं आहे?"