आधी आंघोळ, मग अंथरूण

"गाडीलासुद्धा तोंडपाठ झालाय तो डोंगर," कपाटांच्या पलीकडे ड्रायव्हर कुरकुरत होता. "चार महिन्यांत तीनदा नेलं. आता सोमवारी परत. तोच उतार, तेच अंगठ्याएवढं रोपटं. मी म्हणतो, मास्तरांनी तिथे बिऱ्हाडच का करू नये?"

शिपाई फिस्सकन हसला. मग कपाटांच्या फटीतून त्याला डिंकाबाईच्या चपला दिसल्या असाव्यात. हसू मध्येच तुटलं आणि ड्रायव्हर उगाचच मोठ्याने म्हणाला, "चहा झकास झालाय हां आज!"

चहा रोजच्यासारखाच पाणचट होता.

डिंकाबाई गप्प राहिली. मास्तरांचा विषय निघाला की त्या वनस्पती-खात्यात गेलं वर्षभर सगळेच गप्प राहत होते, आणि त्या गप्प राहण्यात तिचा वाटा कोणापेक्षा कमी नव्हता.

सव्वीस वर्षं ती तिथे झाडं चिकटवत होती. रानातून आणलेली, वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली झाडं जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने बसवायची, कोपऱ्यात लेबल लावायचं आणि कपाटात निजवायची. आली होती ती झाडू मारायला. केरात सापडलेलं एक पान टाकून न देता ते कुठल्या कागदावरून गळलंय हे ती शोधत बसली होती. मास्तरांनी ते पाहिलं, हातातला झाडू काढून घेतला आणि ब्रश दिला. 'डिंकाबाई' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. ते स्वतः काही मास्तर नव्हते. डोंगर चढून झाडं गोळा करणं ही त्यांची नोकरी. पण खात्यात ज्याला म्हणून काही येत होतं, त्याला ते त्यांनीच शिकवलेलं, म्हणून मास्तर.

आज चार महिन्यांपूर्वीच्या गठ्ठ्याची पाळी होती. तिने पट्टे सोडले, वरची फळी बाजूला केली आणि एकेक घडी उलगडायला घेतली. पाचवी घडी फुगलेली लागली. उंदीर-बिंदीर तर नाही, म्हणून तिने आधी बोटाने टोचून पाहिलं.

आत ठेंगणी होती, ते अंगठ्याएवढं रोपटं. तापलेल्या खडकाच्या चिरेत, जिथे मातीही चिमूटभरच, तिथे उगवणारी. पानं म्हणजे भिजून टम्म फुगलेले वाटाणे. शास्त्रातलं नाव एवढं लांब की लेबलावर दोन ओळी अडवायचं आणि झाडालाच जागा मागून घ्यावी लागायची. डिंकाबाईने अशा कितीतरी ठेंगण्या चिकटवल्या होत्या. जमिनीत उभी असलेली मात्र एकही पाहिली नव्हती. तिची सगळ्याच झाडांशी ओळख ती आडवी झाल्यानंतरची.

ही आडवी होती, पण मेली नव्हती. दोन पानं सुरकुतली होती आणि त्यांच्या जिवावर एक पांढरट कोंब निघाला होता. अंधारात चाचपडत तो छापील मजकुरावरून सरपटला होता, 'पुढील चार दिवस पावसाची शक्यता नाही' ही ओळ ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत आला होता. आणि टोकाला मोहरीएवढी गुलाबी कळी.

"अगं भवाने," डिंकाबाई हसली. "इथेसुद्धा?"

आणि तिचं हसू ओसरलं.

कारण पहिल्याच महिन्यात मास्तरांनी तिला किटलीपाशी उभं करून शिकवलं होतं. जिवंत झाडावर कढत पाणी कसं ओतायचं, म्हणून ती किटली खाली ठेवू लागली होती. तेव्हा ते म्हणाले होते, "इतर झाडं थेट दाबायची. या जातीला मात्र आधी आंघोळ, मग अंथरूण. नाहीतर पानांतल्या साठ्यावर कागदातही संसार थाटतात, लेकाचे!" त्यांचं ते वाक्य खात्यात सगळ्यांना पाठ होतं.

घडीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक होता. अक्षर मास्तरांचं.

तिने त्यांची रानातली वही काढली. काय दिसणार हे तिला ठाऊक होतं. तीन खेपा, तीन नोंदी, आणि तिन्हींखाली तेच वाक्य: 'या उतारावर प्रथमच आढळलं.' दर झाडाला नवा क्रमांक हवा, पण तिन्हींना त्यांनी एकच दिला होता. नंतरचे दोन तिने खोडून बदलले होते, त्यांच्या अक्षरासारखं अक्षर काढून. अजून कोणाला कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं. खात्याच्या प्रमुख मॅडमनी सोमवारच्या दौऱ्यावर सही करताना मान वर न करता म्हटलं होतं, "सहाच महिने राहिलेत निवृत्तीला. मानाने जाऊ दे ना गं." मास्तरांच्या घरून वहिनींचा हल्ली रोज दहा वाजता फोन यायचा. "रुमाल तिकडेच राहिला का गं यांचा?" ती म्हणायची, "हो वहिनी, आहे." रुमालाशी दोघींनाही काही देणंघेणं नव्हतं. माणूस पोचला एवढंच विचारायचं आणि सांगायचं असे.

डिंकाबाई कपाटांच्या पलीकडे गेली. ड्रायव्हर कप विसळत होता.

"मागच्या खेपेला यायला उशीर का झाला होता रे?"

"टायर बसला होता, ताई."

"टायरचं मॅडमना सांग. मला खरं सांग."

त्याने कप दोनदा विसळला. "भलत्याच अंगाने उतरले. मी इकडे वर नजर लावून बसलोय, आणि हे पलीकडच्या खाणीच्या कडेला! धापा टाकत गाठलं, तर मलाच विचारतात, गाडी कुठे लावलीस म्हणून. ताई, आणखी दहा पावलं..." तो थांबला. "माझा गुडघा कामातून गेलाय हो. नाहीतर चढलो नसतो का त्यांच्याबरोबर?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

तिने परत येऊन किटली लावली. पाणी ओतलं की प्रश्न मिटत होता. ठेंगणी दोन मिनिटांत मऊ पडली असती, आठवड्यात वाळली असती, कागदावर नीटनेटकी बसली असती. सोमवारी मास्तर डोंगरावर गेले असते आणि चौथ्यांदा 'प्रथमच आढळलं' म्हणून लिहिलं असतं. उतरले असते, तर. किटली कढली, खट्कन बंद झाली. पाणी निवेपर्यंत डिंकाबाई तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने वर्तमानपत्राची घडी ताटासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि मास्तरांच्या टेबलाशी गेली.

ते भिंगातून कसलंसं बी न्याहाळत होते. शर्टाच्या खिशातून चिठ्ठीचं टोक डोकावत होतं, वहिनींच्या अक्षरातलं: नाव, पत्ता, फोन.

"काय आणलंस?" त्यांनी घडी ओढून घेतली, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "अरे वा, कळी धरलीय की! कोण गं हा गाढव? आंघोळ न घालताच अंथरुणात घातलीय!"

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नवीन मुलगी आहे, चुकली असेल. वर्षभराच्या सरावाने असली उत्तरं आपोआप यायची.

"असेल कोणीतरी," ती म्हणाली.

"बोलाव त्याला. रागावणार नाही मी. पण सांगायला हवं गं. पांघरूण घालत बसलं तर ते बिचारं जन्मभर तेच करत राहील."

डिंकाबाई उभीच राहिली. मास्तरांनी भिंग पुन्हा कळीवर धरलं.

"सोमवारी मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "डोंगरावर."

"तू? जिना चढलीस तरी धापा टाकतेस."

"सव्वीस वर्षं चिकटवतेय. ठेंगणी उभी कशी दिसते, एकदाही पाहिली नाही."

"हे झालं सांगायचं कारण." त्यांनी भिंग खाली ठेवलं. मास्तरांना झाडाचं मूळ हातात आल्याशिवाय चैन पडत नसे. "खरं काय ते बोल."

तिने घडीचा कोपरा त्यांच्याकडे फिरवला. मास्तरांनी पेन्सिलीचा क्रमांक वाचला. पुन्हा वाचला. त्यांचं बोट त्या आकड्यांवरून हळूहळू फिरलं, आंधळ्या माणसाने ओळखीचा चेहरा चाचपावा तसं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि ठेंगणीशेजारी ठेवली.

"ही रोज सापडते मला," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीला विचारलं तर विषय बदलते. मला वाटायचं, कोणीतरी सांगेल."

शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला. कपाटांपलीकडे कोणाचातरी कप बशीवर टेकला.

"तुम्ही विसरायला लागला आहात, मास्तर," डिंकाबाई म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."