मेकॅनिक निघालाय

"अजून एकदा, मॅम. पण या वेळी थोडं हसून."

ताईने तेच वाक्य चौदाव्यांदा म्हटलं, "निघालाय हो मेकॅनिक, पोचेलच इतक्यात." आणि हसलीही. मागच्या खोलीच्या खिडकीवर जाड चादरी ठोकल्या होत्या, दारावरही. एसी बंद, पंखा बंद, कारण त्यांची घरघर म्हणे रेकॉर्डिंगमध्ये उतरते. गावाला गारवा विकणाऱ्या कंपनीत ताई नऊ दिवस घामाने निथळत बसली होती आणि समोरची सॉफ्टवेअरवाली मुलगी कानांवर हेडफोन चढवून मान डोलवत होती. हे संपलं की ताईचा आवाज मशिनमध्ये जाणार होता आणि फोन मशिन घेणार होतं. मग ताईने काय करायचं, ते मालकांनी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारून स्वतःची शोभा कोण करून घेणार?

हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात एसी, विकायचे आणि दुरुस्त करायचे, हा तिथला धंदा. त्या धंद्याचा फोन तेवीस वर्षं ताईने उचलला होता. मालक वयाने तिच्याहून मोठे, तेही तिला ताईच म्हणत. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा मऊ, ठाय लयीतला आवाज घराघरात ओळखीचा होता. घरी मात्र तिला ओरडावं लागे. तीस वर्षं लेथवर काम करून तिच्या नवऱ्याचे कान गेले होते. "बाहेर साखर, घरात मिरची," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

या धंद्यातलं मोठं हत्यार पाना नाही की पक्कड नाही. 'निघालाय' हा एक शब्द. मेकॅनिक पाच आणि गिऱ्हाइकं हजार. ऊन चढलं की कोणीच कुठून निघालेलं नसतं. पण निघालाय म्हटलं की समोरचा माणूस निवतो. ताई रिसीव्हर ठेवायची आणि तत्क्षणी स्वतःच्या मोबाइलवरून लंबूला, म्हणजे सगळ्यात जुन्या मेकॅनिकला, फैलावर घ्यायची. जिथे असशील तिथनं ऊठ, मी त्यांना तू निघालास म्हणून सांगितलंय, मला खोटं पाडू नकोस. लंबू कुरकुरत उठायचा. आधी खोटं बोलायचं आणि मग आकाशपाताळ एक करून ते खरं करायचं, अशी तिची रीत होती.

फक्त सतरा घरांत ती हे वाक्य चुकूनही वापरत नसे. कुठे महिन्याभराचं बाळ होतं, कुठे दम्याची म्हातारी. घड्याळवाल्या काकांचं घर त्यातलंच. काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली आणि आता स्वतःचं हृदय टिकटिक चुकवत होतं. खोली गार राहिलीच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्याकडे बिघाड झाला आणि माणूस मोकळा नसला, तर ताई काकूंना सरळ सांगायची, आज कोणी येत नाही, वाट बघू नका, काकांना शेजारी न्या. काकूंना तिच्या बोलण्याचा भरवसा होता तो यामुळेच. ही सतरा घरं कुठल्या वहीत नव्हती. ती ताईच्या डोक्यात होती.

आणि शेवटच्या दिवशी त्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. हुशार होती पोरगी. दोन वर्षांची रेकॉर्डिंग तिने ऐकून काढली होती.

"मॅम, काही कॉलमध्ये तुम्ही सरळ 'नाही' म्हणता. निघालाय म्हणत नाही. त्याचा काही नियम आहे का?"

ताईने पदराने कपाळ पुसलं. आवाज दिला, वाक्यं दिली, हसू दिलं. आता हेही देऊन टाकलं तर आपल्यापाशी उरलं काय? राहू दे थोडं हातचं. मशिन तोंडावर आपटेल, गिऱ्हाइकं बोंबलतील, मग मालक हात जोडत येतील. गरज सरो आणि वैद्य मरो, पण गरज सरूच दिली नाही तर?

"नियम कसला," ती म्हणाली, "तेव्हा खरंच माणूस नसेल."

"मग ते कॉल काढूनच टाकते. उगाच गोंधळेल ते," मुलगी म्हणाली, आणि तिने ते काढून टाकले.

मालकांनी ताईला सामानाच्या खोलीत खुर्ची दिली. तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, फिल्टरची खोकी, आणि कोपऱ्यात जुन्या सर्व्हिस कार्डांचा ढीग. तो वर्षांप्रमाणे लावायचा, हे तिचं नवं काम. त्या कार्डांना कोणी विचारणार नव्हतं, हे ढिगावरची धूळच सांगत होती. मशिनचं नावही 'ताई' ठेवलं, हे मालकांनी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आपण तिचा सन्मान केला अशी त्यांची खरोखरच समजूत होती. घरी गेल्यावर तिने नवऱ्याच्या कानाशी ओरडून ती बातमी दिली. त्याला ती दुसऱ्या खेपेला ऐकू आली.

"बरं झालं," तो म्हणाला. "पण दोघींत पगार एकच का?"

ताई मशिन तोंडघशी पडण्याची वाट बघत राहिली. मशिन काही पडेना. पहिल्या घंटीला फोन उचलायचं, चाळीस जणांशी एका वेळी बोलायचं, कंटाळायचं नाही. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, गिऱ्हाइकाच्या नोंदीत असेल ते सगळं ताईच्याच जिव्हाळ्याने विचारायचं. आणि सगळ्यांना, ताईच्याच गळ्यातून, हसून सांगायचं, निघालाय हो मेकॅनिक. फक्त ते वाक्य बोलून झाल्यावर ते लंबूला झापत नसे. ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. झापण्याचे फोन ताईच्या मोबाइलवरून जायचे, त्यांची रेकॉर्डिंग नव्हती.

मग ऊन आलं. ऑफिसचा दरवाजा उघडला की तोंडावर वाफ यायची. तक्रारी दिवसाला तीनशेच्या वर गेल्या आणि मेकॅनिक पाचाचे पाचच राहिले. तिसऱ्या दिवशी ताईला ती सतरा घरं जेवताना आठवली. हात धुऊन ती मालकांच्या केबिनपर्यंत गेली. आत दोन पाहुणे बसले होते आणि मालक त्यांना पडद्यावर आलेख दाखवत होते. गिऱ्हाइकांचं समाधान वर चाललं होतं, आणखी वर. ताई दारातून मागे फिरली. राहू दे दोन दिवस, तिने मनाशी म्हटलं, येतीलच विचारायला. हे तिने म्हटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे तिने स्वतःपासून ते लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी लंबू सामानाच्या खोलीत आला. हत्यारांची पेटी त्याने खाली ठेवली आणि खोक्यावर बसला.

"घड्याळवाले काका गेले, ताई. काल चारच्या सुमाराला."

ताईच्या हातातली कार्डं हातातच राहिली. लंबूने जमिनीकडे बघत बाकीचं सांगितलं. एसी काल सकाळी सातलाच बंद पडला होता. काकूंनी सात फोन केले. प्रत्येक वेळी मशिनमधल्या ताईने सांगितलं, निघालाय. शेजारची बाई तीनदा म्हणाली, काकांना आमच्या खोलीत आणू या, आमचा एसी चालू आहे. काकूंनी तीनदा नको म्हटलं. म्हणाल्या, यांना उचलून न्यायचं म्हणजे धाप लागते, आणि ताई म्हणतायत ना, माणूस निघालाय. ताईंनी मला कधी खोटं सांगितलेलं नाही.

"मला ती तक्रार आज सकाळी आली," लंबू म्हणाला. "मी पेटी घेऊन गेलो तर दाराबाहेर ही चपलांची गर्दी." मग तो म्हणाला, "त्यांना तुम्ही असं कधीच सांगत नव्हता. त्या मुलीला बोलला नव्हता का?"

ताई हातातली कार्डं पुन्हा वर्षांप्रमाणे लावू लागली. लंबू पेटी उचलून पुढच्या कामावर गेला.

संध्याकाळी मालकांनी तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं, स्वतः उठून पाणी दिलं. मालक वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी काकूंच्या सात फोनांचे कागद तिच्यासमोर ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, वाक्यं सगळी तुमचीच आहेत ताई, एक शब्द मशिनने पदरचा घातलेला नाही. काकूंचा भाचा वकील आहे. उद्या काकूंना भेटून या. तुमच्यावर त्यांचा जीव आहे.

"आणि फोनवर मीच होते, असं सांगू?"

"माणूस चुकला तर लोक पोटात घालतात, ताई. मशिन चुकलं तर कोर्टात जातात," मालक म्हणाले. "निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत. ती इथेच, फोनच्या टेबलाशी काढा. माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी ताई चालत गेली. वाटेत तिने सगळं ठरवलं होतं. पायरी चढताच सांगून टाकायचं, की ते मशिन होतं, आणि मशिनला जे सांगायला हवं होतं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. नोकरी गेली तर गेली. तेवीस वर्षांत कमावलेली एकच गोष्ट होती, आपला शब्द. तो त्या एका घरात तरी स्वच्छ करून घ्यायचा. चालता चालता ती वाक्यं जुळवत होती, ओठ हलत होते.

काकूंनी स्वतः दार उघडलं. त्या दोघी कधी भेटल्या नव्हत्या. ताईने नुसतं "काकू" म्हटलं आणि आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं, हात धरून आत नेलं. आत भिंतीवर बरीच घड्याळं होती आणि सगळी चालू होती. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

ताईने तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. त्यांना कोणाशी तरी बोलायचंच होतं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. तुम्ही तरी काय करणार, माणसं कमी, ऊन असलं. पण त्या दिवशी सकाळपासनं माझ्यासोबत कोण होतं सांगा? तुम्हीच. दर वेळी विचारत होतात, काकांना कसं वाटतंय. शेवटच्या फोनला तर मी रडले, तेव्हा तुम्ही किती समजुतीनं बोललात. त्यांनीही ऐकलं ते. म्हणाले, बाई चांगली आहे." काकूंनी तिचा हात घट्ट दाबला. "एकटीनं नाही काढला मी तो दिवस. तेवढंच आहे माझ्याजवळ आता."

ताईची जुळवलेली वाक्यं जागच्या जागी राहिली. एवढंच उरलेलं असलेल्या बाईच्या हातातून तेही काढून घ्यायचं? नको. दया म्हणून तरी नको. ही दया आपल्या दोन वर्षांनाही फार सोयीची आहे, हे ताईला त्याच क्षणी कळलं, आणि स्वतःची किळस आली. तरी ती म्हणाली, "हो काकू. मीच होते. माझंच चुकलं."

"नका हो असं म्हणू," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ज्या बाईचा नवरा गेला, ती हिचं सांत्वन करत होती, आणि ही ते करून घेत होती.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांना बारीक ऐकू येत नसे, म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवलेला असायचा. त्यांनी बटण दाबलं.

"नमस्कार काकू, मी ताई बोलतेय." आवाज खोलीभर पसरला, मऊ, ठाय लयीतला, थोडा हसरा. "आपल्याकडे मेकॅनिक येऊन गेला का?"

काकूंनी फोनकडे पाहिलं. मग ताईच्या तोंडाकडे पाहिलं. ताईचे ओठ घट्ट मिटलेले होते. काकू कितीतरी वेळ त्या ओठांकडेच बघत राहिल्या आणि त्यांचा हात ताईच्या पाठीवरून हळूहळू खाली आला.

"काकू, ऐकू येतंय ना? मेकॅनिक येऊन गेला का?"

"हो," काकू म्हणाल्या. "येऊन गेला."

"छान. आणि काकांना आता कसं वाटतंय?"

काकूंनी नजर काढली नाही.

"बरं वाटतंय," त्या म्हणाल्या.

"ऐकून फार बरं वाटलं, काकू. काही लागलं तर मला कधीही फोन करा."

फोन बंद झाला. काकूंनी तो गुंडाळलेल्या गादीवर ठेवला आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. बसा म्हणाल्या नाहीत की जा म्हणाल्या नाहीत. ताई उठली, आणि आवाज न करता दार लोटून घेऊन बाहेरच्या उन्हात आली.