ओल्या हाताची मूठ

भाजीवाल्या काकूंनी सुरी मिस्त्रीच्या पुढ्यात आपटली आणि उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. दोन बोटांना फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्यावर लाल डाग.

"ही घ्या तुमची सुरी. आणि हा बघा तिचा प्रताप!"

बाजार ऐन भरात होता. वारा असा सुटला होता की मेथी विकणारीच्या डोळ्यांत धूळ आणि धान्यवाल्याच्या तोंडात भुसा. तरी आजूबाजूच्या सगळ्यांचे कान लगेच इकडे वळले. मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक गोणपाट, त्यावर मांडलेल्या सात सुऱ्या आणि मागे नवराबायको. आजवर विकली गेलेली सुरी एकच. ती काकूंनी सकाळी नेली होती आणि दुपारच्या आत परत आणली होती.

मिस्त्री खरं तर विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा. सुऱ्यांचा नाद लागला चार वर्षांपूर्वी. भंगारात ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा पडलेला दिसला आणि ह्यातून झकास पातं निघेल, असं याच्या डोक्यानं घेतलं. मग परसात भट्टी आली. भट्टीमागून ऐरण आली. त्यानंतर बायकोच्या डब्यातलं तेल कमी व्हायला लागलं. लालबुंद पातं तेलात बुडवलं की चर्र आवाज आणि घरभर धूर. बायको म्हणायची, "रोज तळण चाललंय, खायला मात्र काही नाही."

झालेली सुरी तो कुणाला तरी देऊन टाकायचा. मूठ घासून, पॉलिश लावून अशी करायचा की तीत तोंड दिसावं. घेणारा ती उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "वा मिस्त्री, हातात जादू आहे!" मेव्हण्यानं तर सांगूनच टाकलं, "दाजी, विकायला ठेवा. लोक रांगा लावतील." दाजी हरभऱ्याच्या झाडावर चढले ते आज बाजारात येऊन उतरले.

"काकू," मिस्त्री म्हणाला, "चार वर्षं लोकांना सुऱ्या देतोय. एकानं तक्रार केली नाही."

"फुकटच्या वस्तूची तक्रार कोण करतं? मी पैसे दिलेत, म्हणून मला तोंड आहे."

मिस्त्रीनं आधारासाठी बायकोकडे पाहिलं. बायको गोणपाटाची सुरकुती काढत बसली.

"अगं, सांग ना. तुझ्या भावाकडची सुरी कशी चाललीय?"

"काचेच्या कपाटात आहे. छान दिसते."

"आणि वहिनींकडची?"

"वहिनी त्या सुरीनं चपलांचा चिखल खरवडतात."

"आणि तुझी?"

"मी माझी जुनीच वापरते," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही घरात नसता तेव्हा."

मेथीवाली फिस्सकन हसली. मिस्त्रीला वाटलं, हे गोणपाट गुंडाळावं आणि त्यात आपणही गुंडाळून घ्यावं. त्यानं पैसे काढून काकूंपुढे धरले.

"पैसे नकोत मला," काकू म्हणाल्या. "माझे भोपळे कोण कापणार ते सांगा. यंदा पाऊस कमी, सालं दगडासारखी झालीत. अख्खा भोपळा कोण नेतो? फोडी केल्या तर खपतात. नाही तर सगळी गाडी परत ओढत न्यायची, आणि ह्या हातानं तीही ओढवणार नाही."

मिस्त्रीनं आपली सुरी उचलली आणि काकूंच्या गाडीमागे जाऊन उभा राहिला.

पहिला भोपळा त्यानं ऐटीत कापला. पातं लोण्यात शिरल्यासारखं शिरलं. त्यानं काकूंकडे पाहिलं.

"धार चांगलीय हो," काकू म्हणाल्या. "धारेला कोण नाव ठेवतंय? कापत राहा."

काकू दर थोड्या वेळानं भाजीवर पाणी शिंपडत होत्या. भोपळ्याचा गर बोटांना चिकटत होता. पाचव्या भोपळ्याला मिस्त्रीचा हात बुळबुळीत झाला. सातव्याला पातं सालात अडलं, त्यानं जोर लावला आणि ती आरशासारखी मूठ माशासारखी निसटली. बोटं पात्यावर जाता जाता वाचली. काकूंची वाचली नव्हती.

"कळलं?" काकूंनी विचारलं.

"कळलं."

"मग आता फडकं गुंडाळा मुठीला. भोपळे अजून आहेत."

संध्याकाळपर्यंत त्याच्या तळव्याला तीन फोड आले. भोपळे मात्र सगळे खपले.

पुढच्या बाजाराला मिस्त्री सुऱ्या न घेताच आला. हातात ओल्या फडक्यात बांधलेला काळ्या मातीचा गोळा होता, शेताच्या बांधावरून आणून मळलेला. काकूंचं फडकं सुटलं होतं, बोटांवर गुलाबी वण राहिले होते.

"काकू, हे धरा. भोपळा कापताना धरता तसं. आणि दाबा."

"आता चिखल विकायला काढलात की काय?" मेथीवालीनं विचारलं.

"दाबा हो," मिस्त्री म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

काकूंनी गोळा आवळला. मातीत चार बोटं उमटली, अंगठ्याची जागा उमटली, आणि करंगळीखाली एक उंचवटा राहिला. मिस्त्रीनं तो गोळा अंड्यासारखा जपून घरी नेला.

मूठ करायला त्याला पाच दिवस लागले. कानस चालवायची, गोळा बघायचा, पुन्हा कानस. बोटं पुढे घसरू नयेत म्हणून पात्याजवळ लाकडाची टाच ठेवली. शेवटी सवयीनं हात पॉलिशच्या डबीकडे गेला. डबी उघडली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि झाकण लावून टाकलं. मूठ तशीच राहिली, जाडजूड, खरखरीत, खालून फुगलेली.

बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट केली. "हिच्याइतकी कुरूप तुम्ही आजवर केली नव्हती."

"माहीत आहे."

बायकोनं हात पाण्यात बुडवला, सुरी पुन्हा धरली. त्या दिवशीची भाजी तिनं त्याच सुरीनं चिरली, आणि मिस्त्री घरात असताना.

बाजाराच्या दिवशी सकाळीच त्यानं सुरी काकूंना नेऊन दिली आणि गाडीच्या कडेला उभा राहिला. एक तरी चांगला शब्द कानावर पडावा, एवढीच आशा होती. काकूंनी भोपळा पुढे ओढला, कापला. दुसरा कापला. एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडल्या, भांडताना तिसरा कापला. चौथा कापताना मेथीवालीला तिच्या सुनेची खबर विचारली. हातातल्या सुरीकडे एकदाही पाहिलं नाही.

मिस्त्री या पायावरून त्या पायावर होत राहिला. शेवटी राहवेना.

"काकू, कशी आहे?"

"सून ना? तिचं आपलं तेच बाई—"

"सून नाही हो. सुरी!"

काकूंनी हाताकडे बघितलं. "अगंबाई, ही नवी नाही का! विसरलेच मी."

मिस्त्रीच्या छातीत काहीतरी भरून आलं. उन्हात धरून केलेल्या सगळ्या वाहवा ह्यापुढे फिक्या होत्या, आणि हे सांगायला गेलं तर हसूच होईल, हेही त्याला कळत होतं.

"मला कधी करून देताय?" मेथीवालीनं आपला ओला हात पुसत विचारलं. "आणि माती तुमचीच आणा, मी आणणार नाही."

मिस्त्री काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी त्याला कोपरानं ढोसलं.

"सरका बरं जरा, गिऱ्हाईक येतंय."

मिस्त्री आनंदानं सरकला.