वैशाखातली घोंगडी

केराबाई सांगोल्याकडची धनगरीण. बोलायला फटकळ, पण खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. नेमका त्याचाच सोलापूरच्या वेणीमाधव वकिलांच्या डोक्याला ताप झाला होता.

तिच्या सिदूनं वैशाखात, भर दुपारी, "लांडगा, लांडगा" ओरडत बापाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती. नवरा गेलाच होता. आता एकुलत्या एका लेकावर फासावर जायची पाळी आली होती. त्याला वेड लागलं होतं हे कोर्टाला पटलं, तरच तो वाचणार होता.

"लहानपणापासून वेडा आहे म्हणा," वकील म्हणाले.

"दिवाळीपातूर चांगला हुता की. खोटं कसं सांगू?"

वकिलांनी कपाळाला हात लावला.

कोर्टात सरकारी वकिलांनी घोंगडीच पुढं केली. मारल्यावर सिदूनं ती बापाच्या अंगावर घातली होती. "खून झाकला! म्हणजे आपण गुन्हा केला, हे त्याला कळत होतं." सगळे माना डोलवायला लागले. शिकलेल्यांना अशी कोडी चटकन सुटतात.

साक्षीच्या पिंजऱ्यातून केराबाई कडाडली, "झाकायचं असतं तर तोंड उघडं ठिवलं असतं व्हय? घोंगडी म्हंजी आमच्या बिरदेवाचं आसन. मड्याला तिचा दोरा लागू देत न्हाय आमी, शेंबडं पोरगं बी सांगंल. घालतो ती आजारी माणसाला, थंडी वाजती म्हणून. उशाला पाण्याचा तांब्या ठिवला हुता त्यानं. मला म्हनला, 'आबाला हीव भरलंय, उठवू नगंस.'"

"वैशाखात थंडी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्येच तर सांगतीया की, सायेब!"

सरकारी वकील खाली बसले. न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले.

चौथ्या दिवशी निकाल लागला. फाशी टळली, सिदूला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरलं. केराबाईला रडू आवरेना. लेक वाचला म्हणून रडावं की नवरा गेला म्हणून, तिचं तिलाच कळत नव्हतं. बिचारीला तोवर धड रडायलाही सवड मिळाली नव्हती.

पोलीस सिदूला घेऊन निघाले, तसा तो दारात थबकला.

"आये, आबा उठला का गं?"

कोर्टात एका अक्षरानं खोटं न बोललेल्या केराबाईनं पदरानं डोळे पुसले.

"उठला की," ती म्हणाली. "मेंढरं घिऊन माळावर गेलाय."