त्याचं नाव तो वापरतोय

कॉलेजने आमच्या केंद्राला तळघरातली खोली दिली आहे, झेरॉक्स मशीनच्या शेजारची. भिंतीवर कुणीतरी हौसेने गरुडाचं भलंमोठं पीस रंगवलंय. आम्ही इन्युइट लोक डोक्यात पिसं खोवत नाही, पण सांगायचं कुणाला! कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फातल्या गावांमधून मुलं इथे विनिपेगला शिकायला येतात, आणि ती टिकावीत म्हणून कॉलेजने मला ठेवलंय. फी, खोलीचं भाडं आणि वर्षातून दोनदा घरी जायचं विमान, एवढं सरकार देतं. दांड्या मारल्या की तेच सरकार हात आखडतं. मुलं आणि सरकार यांच्या मध्ये मी बसते. दारावर ‘सल्लागार’ लिहिलंय. मुलं मला बिबियान आजी म्हणतात.

त्या सप्टेंबरात रोडा आली. एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. नव्या मुलांना घरची आठवण येऊ नये म्हणून मी नेहमीसारखा जमिनीवर पुठ्ठा अंथरून कॅरिबू हरणाचं मांस कापायला बसले होते. ती दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ए शेंबडे, जीभ मला ठेव हं!”

रोडाने दोन्ही हात तोंडावर दाबले.

“आजी, माफ कर गं! माझ्या तोंडून कसं निघालं मलाच कळेना. मी मोठ्यांशी असं बोलत नाही, आईशप्पथ!”

मुलं हसली. मीही हसले, पण सुरी खाली ठेवावी लागली.

मला शेंबडी म्हणणारा माणूस जगात एकच होता, माझा थोरला भाऊ अंगालिक. मी चार वर्षांची आणि तो नऊ वर्षांचा असताना त्याला क्षय झाला म्हणून इस्पितळाच्या विमानाने दक्षिणेला, याच विनिपेगला नेला, तो नेलाच. तिथून बरा होऊन आलेल्या एकाने आईला सांगितलं होतं, “तुझा पोरगा दिवसभर खिडकीतून नदी बघत बसतो. नर्सने त्याला सांगितलंय, नदी गोठली की त्याला घरी न्यायला विमान तिच्यावर उतरेल.” त्यानंतर काही नाही. जगला की मेला, पुरला तर कुठे पुरला, हे कळवायची कुणाला गरज वाटली नाही. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

आमच्यात मेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात, मुलगा असो की मुलगी. नावाबरोबर माणूस परत येतो, आणि मग त्या बाळाला त्या माणसाच्याच नात्याने हाक मारायची. माझ्या मावसभावाचा पाच वर्षांचा नातू माझा सासरा लागतो; त्याच्यासमोर मी अजून जपून बोलते. आमच्या गावात कुणाला बाळ झालं की लोक आईकडे यायचे. “अंगालिकचं नाव आमच्या बाळाला दे की गं. किती दिवस अडवून ठेवणार?”

आई म्हणायची, “त्याचं नाव तो वापरतोय.”

जवळजवळ साठ वर्षं तिने ते नाव कुणाला दिलं नाही.

त्या दिवशी जेवताना मी रोडाला सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझं आपल्यातलं नाव काय गं?”

“अंगालिक.”

“कुणाचं?”

“तीच तर गंमत आहे ना. मी जन्मले ती रडायचीच थांबेना. म्हातारी सुईण गावातल्या एकेका मेलेल्याचं नाव घेत बसली. मी आपली भोकाड पसरलेलीच. शेवटी तिच्या तोंडून हे नाव निघालं आणि मी गप्प. आमच्या गावात या नावाचं कधी कुणी नव्हतंच! आजी, तू रडतेस का?”

“कांद्याने गं,” मी म्हटलं. तिथे कांदा नव्हता.

तो मेला हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो आला हेही त्याच दिवशी. एका छातीत दोन्ही मावेनात. रीतीप्रमाणे मी तिला दादा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. धीर झाला नाही. आईलाही कळवलं नाही. मुलगा गेला हे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला फोनवर कसं सांगायचं?

ऑक्टोबरात रोडाला खोकला लागला. कोरडा, खोल, लहान मुलाला येतो तसा. डॉक्टरने फोटो काढला, छाती स्वच्छ. मग दुपारचे वर्ग बुडायला लागले. शिक्षिकेचा निरोप आला की आता एक जरी गैरहजेरी झाली तरी सरकारला कळवावं लागेल. मी तिला खाली बोलावून झाडलं.

“कुठे जातेस उंडारायला?”

“नदीवर.”

“काय ठेवलंय तिथे?”

“काही नाही. गोठली का ते बघते. गोठली की विमान येणार आहे ना.” पाचची बस येणार आहे म्हणावं, इतक्या साधेपणाने ती म्हणाली. मग तिचाच चेहरा बदलला. “आजी, मी आत्ता काय म्हणाले?”

मी तिला खुर्चीवर बसवलं.

“रोडा, तुला घरी जायचंय का? खरं सांग.”

“मला? छे! मला नर्स व्हायचंय. आमच्याकडे दक्षिणेतून नर्स येते, तिला आपलं एक अक्षर कळत नाही आणि हिवाळा संपायच्या आत ती पळते. माझी आजी पोटात दुखतंय हे सांगता सांगता गेली. मला कुठेही जायचं नाही.” तिने माझा हात घट्ट धरला. “पण पाय जातात गं. मी थांबवते तरी जातात.”

नोव्हेंबरात एका दुपारी फोन आला. रोडा प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघून गेली होती. मी टॅक्सी केली. कुठे जायचं हे मला विचारावं लागलं नाही. जिथे क्षयाचं इस्पितळ होतं तिथे आता फ्लॅट झालेत, आणि त्यांच्या मागे नदी आहे.

ती बर्फावर होती, काठापासून बरीच आत. अंगात कोट नव्हता, नुसता नर्सिंगचा पांढरा डगला. बर्फ करड्या रंगाचा होता, आणि करडा बर्फ माणूस पेलत नाही हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. रोडालाही कळत होतं. तरी ती एकेक पाऊल पुढे टाकत होती आणि वर आभाळात बघत होती.

“रोडा!” मी ओरडले. तिने वळून पाहिलं नाही.

“अंगालिक!”

ती थांबली, पण मान वरच. तिच्या पायाखाली बर्फ कण्हत होता. माझं वय झालंय, वजन झालंय. मी पाऊल टाकलं असतं तर दोघी गेलो असतो. तेव्हा माझ्या तोंडून चार वर्षांच्या पोरीने हाक मारली.

“दादा! मी शेंबडी! विमान आलंय, इकडे मागे उतरलंय! चल ना रे!”

ती वळली. मोठ्या माणसाचे बूट घातलेलं पोर चालतं तशी फरफटत चालत आली आणि माझा हात धरला. एवढ्या थंडीत तिचा हात तापाने भाजत होता.

“किती वेळ लावलास,” ती म्हणाली. आवाज दुसऱ्या कुणाचा होता असं मी म्हणणार नाही. आवाज रोडाचाच होता. बोलत होता तो.

विमान आलंय असं मी सांगून बसले होते. त्या पोराला एकदा फसवलं होतं तेवढं बास झालं. केंद्रात पोचल्याबरोबर मी सरकारच्या कचेरीत लुसीला फोन लावला. लुसी आमच्यातलीच, पैशांची चावी तिच्या हातात.

“घरच्या मृत्यूसाठी जादा विमान देतेस ना? रोडाला आणि सोबत मला हवंय, माझ्या गावापर्यंत.”

“बाई गं! कोण गेलं?”

“माझा भाऊ.”

“कधी?”

“साठ वर्षं होत आली. बातमी आत्ता आली.”

लुसी कागद भरत होती. “आणि रोडाचं त्याच्याशी नातं काय लिहू?”

“ती तोच आहे.”

दुसरी कुणी असती तर फोन आपटला असता. लुसीने फक्त विचारलं, “सकाळचं चालेल?”

गावात वादळ होतं. आईला मी एवढंच सांगितलं होतं की एक मुलगी घेऊन येतेय. आईला आता अंधुकच दिसतं. तिने रोडाचं तोंड दोन्ही हातांत धरून जवळ ओढलं, गालाला नाक लावलं आणि खोल वास घेतला.

“इस्पितळाचा वास मारतोय,” ती म्हणाली. “काढ ते कपडे. जेवलास का?”

“आई, तिथे जीभ देतच नव्हते,” रोडा म्हणाली.

“ठेवलीये तुझी.”

आणि तिने खरंच ठेवली होती. चुलीवरच्या पातेल्यात, उकडून, झाकण घालून.

वादळ सरेपर्यंत आम्ही अडकून पडलो. रोडा आईच्या कुशीत झोपायची. ती रोज कमी खोकायची, आणि एका सकाळी तिचा खोकला पार थांबला. आईने मला हाक मारली.

“मुलीला घेऊन जा. तिची परीक्षा असेल. तो राहतोय.”

मी निघताना दारातून वळून पाहिलं. आईने चहाचे दोन कप भरले होते आणि ती हळू आवाजात काहीतरी सांगत हसत होती. मी दार ओढून घेतलं तेव्हा आतून कुणीतरी खोकलं. आईला खोकला नाही.

विमानात रोडा पुस्तक उघडून हाडांची नावं घोकत बसली. गालांवर रंग आला होता. मी आईने दिलेला डबा उघडून तिच्यापुढे धरला.

“जीभ? शी! मला नाही आवडत जीभ.”

“दादा?” मी अगदी हळू म्हटलं.

तिने मागच्या सीटकडे वळून पाहिलं. “कुणाला हाक मारतेस?”

तिचा जीव वाचला, तिचं कॉलेज वाचलं, दादा घरी पोचला. मला आनंदच व्हायला हवा होता. पण मी तोंड खिडकीकडे फिरवून लहान पोरीसारखी रडले. ती घाबरली. पर्समधून कागदी रुमाल काढून तिने माझ्या हातात दिला.

“आजी,” ती म्हणाली, “नाक पूस.”