दुपारी थांबणारी हृदयं

साहेब, प्रयोगशाळेचे प्रमुख असूनही तुम्ही मला एकदाही हात लावला नाही. माझ्यात पाणी कुठून येतं, हेही कधी विचारलं नाही. दारातूनच हुकूम सोडलात, "हे भंगार बाहेर काढा!" खुर्ची मोठी असली की डोळे मिटूनही निकाल देता येतो, हे मी तुमच्याकडून शिकलो.

मित्रांनो, मी एक जुना काचेचा संच आहे, रायपूरच्या एका प्रयोगशाळेतला. अंबाल्याच्या कारागिराने भट्टीपुढे गाल फुगवून मला घडवलं. माझ्या पोटात उंदराचं हृदय टांगतात आणि रक्ताच्या जागी मीठ, साखर आणि प्राणवायू मिसळलेलं पाणी त्यातून सोडतात. माझ्या दोन भिंतींच्या मधून नळाचं साधं पाणी हीटरने कोमट होऊन फिरतं, हृदयाला अंगाइतकी ऊब मिळावी म्हणून. मग ते हृदय शरीराबाहेरही धडधडत राहतं. भूल दिलेला उंदीर मात्र पुन्हा उठत नाही. हे मी लपवणार नाही. लपवणारे काय कमी आहेत?

हे कशासाठी, ते आमच्या मदतनीस धर्मपालला विचारा. तो रायपूरजवळच्या बीरगांवात राहतो. त्याची आई भीमाबाई आडवी झाली की तिचा श्वास कोंडतो, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपते. पाय सुजलेले. तिचं हृदय चालतं, पण रक्त पुढे ढकलायची ताकद त्यात उरलेली नाही. अशाच हृदयांसाठी रायपूरच्याच तात्यापारा मोहल्ल्यातली संशोधक नीलिमा एक नवं औषध तपासत होती. उंदरांची हृदयं शस्त्रक्रियेने आधीच कमजोर केलेली असत. सकाळी ती बिनऔषधाची हृदयं माझ्यात टांगायची आणि औषधाची जेवणानंतर. औषध आधी सोडलं तर नळ्यांना चिकटून राहील, ही भीती. बऱ्याच ठिकाणी अशीच रीत असते.

पण मे महिना लागला आणि औषधाची हृदयं वेडीवाकडी उडून थांबायला लागली. सकाळची मात्र नीट चालत. तुम्ही ठरवून टाकलंत, औषध विषारी, यंत्र भंगार, काम सोमवारपासून बंद. भंगारवाल्याला निरोपसुद्धा गेला.

त्या दुपारी नीलिमा रडवेली होऊन तोंड धुवायला नळापाशी गेली आणि ओरडली, "आई गं! धर्मपालभाऊ, या नळाले ताप आला का?"

"छतावरची टंकी हाय ते, दीदी. चहापत्ती टाका, चहा तयार!" धर्मपाल हसला. "रायपूरची पोट्टी असून आज कळलं का तुम्हाले?"

नीलिमा हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आपल्या संचात हेच पाणी जाते ना?"

"हव."

"अन् हीटरचा दिवा बंद हाय म्हणजे पाणी बरोबर, असंच समजून राहिलो ना आपण?"

"दिवा तर बंदच हाय."

"तो बंदच राहीन, भाऊ! त्याले फक्त तापवता येते. थंड करता येते का?"

तिने धावत येऊन माझ्या पाण्यात थर्मामीटर बुडवला. पारा तापाने फणफणलेल्या माणसाच्याही वर! सकाळी एकदा मोजायचं आणि मग दिवसभर दिव्यावर विश्वास ठेवायचा, असं चाललं होतं. दुपारची हृदयं माझ्या पोटात शिजत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं उलटं केलं. औषधाचं हृदय सकाळी टांगलं, ते मजेत चाललं. मग मला पुन्हा पुन्हा धुऊन दुपारी बिनऔषधाचं टांगलं, आणि तेही तसंच तडफडून थांबलं! औषधावरचा डाग धुतला गेला. माझ्यावरचाही.

मग धर्मपालने दोन मोठे माठ आणले. पाणी आधी माठातल्या नळीतून फिरून गार व्हायचं, मग हीटर त्याला हवं तेवढंच कोमट करायचा. बाहेर लूच्या झळा भाजत होत्या आणि माझ्या आत ते कमजोर हृदय औषध मिळताच सावरलं. ठोक्यांचा जोर दाखवणारी कागदावरची रेघ वर चढली. आणखी वर चढली!

"दीदी, कसं उडून राहिलं पहा, शाब्बास रे पठ्ठ्या!" धर्मपाल टेबलावर थाप मारून ओरडला. मग हळूच म्हणाला, "माझ्या माईले हे औषध कधी भेटन?"

"लय टाइम हाय, भाऊ. खोटं नाही सांगत. पण आज ते औषध तरी मेलं नाही."

नीलिमाने त्या रेघेचा कागद तुमच्या टेबलावर ठेवला, म्हणून सोमवारी भंगारवाला आला तो रिकाम्या हाताने परत गेला. मे सरेपर्यंत दुपारमागून दुपार मी जिंकत राहिलो. मित्रांनो, कुठल्याही वस्तूला निकामी म्हणण्याआधी तिला हात लावून बघा. ती कोणत्या उन्हात उभी आहे तेही बघा.

आणि साहेब, फोटो काढायला तुम्हीच पहिले आलात. नीलिमाने पाणी थंड करायचं यंत्र मागितलं तेव्हा तुम्ही हसलात, "अब चूहों के दिल को भी एसी चाहिए?" तुमच्या खोलीत दोन आहेत.

माझ्यात जे उंदीर फुकट मेले, त्यांचा जीव औषधासाठी गेला नाही, उकळत्या टाकीपायी गेला. नीलिमाने सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी." तुमच्या तोंडून काय निघतं ते मला ऐकायचं आहे. पुढचा मे येतोय. थंड पाण्याची सोय करणार की आणखी उंदीर फुकट मारणार? बोला, साहेब. उत्तर द्या!